टांगत्या कुंडीतला टोमॅटो: औषध शोधण्याआधी कुंडी उचलून पाहा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही समजेल. बाल्कनीच्या छताला ८ इंचांची कुंडी टांगलीत. तिच्यात रोपवाटिकेतून आणलेलं टोमॅटोचं रोप लावलंत. दोन महिन्यांत ते ४ फूट वाढलं आणि काठावरून लोंबताना मधेच दुमडलं. फुलं येतात, पण बरीचशी गळतात. सहा फळं धरली, त्यांतल्या चारांचं बूड काळं पडलं. पाणी रोज सकाळी मगभर, न चुकता. आता कुणी म्हणतं कॅल्शियम फवारा, कुणी म्हणतं अंड्याची टरफलं घाला, कुणी म्हणतं रोप उलटं टांगा. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते यातलं काहीच करू नका. दुमडलेलं खोड, फुलगळ आणि काळं बूड या तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसत असल्या तरी त्यांचं मूळ बहुतांशी एकच आहे. ८ इंचांच्या टांगत्या कुंडीत जेमतेम साडेतीन लिटर माती मावते. तिच्यात तुम्ही ६ फूट वाढू शकणारी वेल कोंबली आहे. सकाळी दिलेलं पाणी दुपारी संपतं, रोप संध्याकाळपर्यंत तहानलेलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रोपाला रोग झालेला नाही, त्याची रोज उपासमार होते आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्याकडे तापमान किती असतं, बाल्कनी कोणत्या दिशेला आहे, वारा कसा आहे, हे मला माहीत नाही. त्यामुळे पुढचे पाण्याचे नि खताचे आकडे म्हणजे सुरुवात समजा. कारणं मात्र सगळीकडे सारखीच लागू होतात, म्हणून त्यांच्यावर जास्त वेळ घालवतो.

काळ्या बुडापासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले तिथेच मिळतात. फळाच्या देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणचट डाग येतो, मग तो तपकिरी-काळा, चपटा नि चामड्यासारखा होतो. हे कॅल्शियमच्या कमतरतेचं लक्षण आहे, एवढं सांगणाऱ्यांचं बरोबर आहे. पण कमतरता फळात असते. मातीत कॅल्शियम बहुतेक वेळा पुरेसं असतं. ते झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि पाणी जास्त ओढतात ती पानं, कारण बाष्पीभवन पानांतून होतं. फळाची साल गुळगुळीत, तिच्यातून पाणी फारसं उडत नाही. म्हणजे पाण्याची टंचाई झाली की पानं आपला वाटा ओढून घेतात आणि फळाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला, म्हणजे बुडाला, काही पोचत नाही. तिथल्या पेशी कोसळतात. हे घडतं फळ अगदी लहान असताना. तुम्हाला डाग दिसतो तो त्यानंतर काही दिवसांनी, तोवर वेळ निघून गेलेली असते.

मग कॅल्शियम फवारून का भागत नाही? कारण पानात गेलेलं कॅल्शियम तिथून फळाकडे जवळजवळ सरकतच नाही. अंड्याची टरफलं कुजायला इतका वेळ घेतात की या हंगामात त्यांचा उपयोग नाही. पुढच्या वेळी कुंडी उपसलीत की ती तशीच हाताला लागतील. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं हौसेनं टरफलं कुटून घालत होतो, म्हणून खात्रीनं सांगतोय. बूड सुधारलं ते कुंडी मोठी केल्यावर आणि पाणी दोन वेळा केल्यावर. नत्राचं खत जास्त झालं तरी हा त्रास वाढतो, कारण पाला माजतो आणि पाण्याचे वाटेकरी वाढतात. लांबट फळांच्या जातींना तो सर्वांत जास्त होतो, चेरी टोमॅटोला क्वचितच.

आता कुंडीचा आकार. टांगत्या कुंडीत एका टोमॅटोला मी १२ इंच व्यास आणि ८ इंच खोली यापेक्षा कमी देत नाही. त्यात नऊ-दहा लिटर मिश्रण बसतं. तुमच्या कुंडीच्या जवळपास तिप्पट. इंचांत फरक थोडा वाटतो, पण व्यास वाढला की आकारमान भराभर वाढतं, आणि जितकं मिश्रण जास्त तितकं पाणी जास्त वेळ टिकतं. जमिनीवरच्या कुंडीला दोन बाजूंनी भिंत किंवा शेजारच्या कुंड्यांची सावली तरी असते. टांगत्या कुंडीला चारही बाजूंनी वारा लागतो, खालूनसुद्धा. त्यामुळे तेवढ्याच आकाराची कुंडी टांगली की जमिनीवरच्यापेक्षा लवकर सुकते, हे धरूनच चालायचं. गडद रंगाची कुंडी उन्हात भाजते आणि काठाजवळची पांढरी मुळं करपतात, म्हणून फिका रंग बरा. नारळाच्या काथ्याचं अस्तर असलेल्या तारेच्या टोपल्या दिसायला छान, पण सगळीकडून सुकतात. त्या वापरायच्याच असतील तर काथ्याच्या आतून प्लास्टिकचा कागद लावा आणि भोकं फक्त तळाला पाडा.

कुंडी मोठी म्हणजे वजन आलंच. बागेतली साधी माती भरली तर दहा लिटरची कुंडी ओली झाल्यावर सोळा-अठरा किलोंपर्यंत जाते. शिवाय ती माती रोजच्या पाण्यानं दगडासारखी बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. म्हणून मी माती टाळतो. अर्धा भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), साधारण तिसरा हिस्सा चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, उरलेला परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खनिज दाणे). कोकोपीट आधी दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात कधी कधी क्षार असतात. हे मिश्रण भरलेली कुंडी ओली असताना आठ-नऊ किलोंची होते, फळांनी लगडलेलं झाड धरलं तर दहा-अकरा. आणि हे वजन वाऱ्यावर झोके घेणार आहे. त्यामुळे छतातला हूक किमान २५ किलो तोलणारा, स्लॅबमध्ये नीट बोल्टनं बसवलेला हवा. फॉल्स सीलिंगमध्ये मुळीच नको.

कुंडीबरोबर येणारे प्लास्टिकचे हँगर हा सगळ्यात कच्चा दुवा. उन्हात वर्षभरात ते ठिसूळ होतात. माझी एक कुंडी रात्री दोन वाजता खाली आली होती, पिकायला आलेल्या सगळ्या घडांसकट. हूक जागेवर, साखळी जागेवर, तुटलं होतं ते प्लास्टिकचं टोक. तेव्हापासून हँगर काढून टाकतो आणि कुंडीच्या काठाला तीन भोकं पाडून धातूची साखळी ओवतो. कुंडी कठड्याच्या आतच टांगा, बाहेर रस्त्याच्या बाजूला कधीच नको.

किती उंचीवर टांगायची याचा विचार फारसा कुणी करत नाही. टोमॅटोला रोज किमान ६ तास थेट ऊन हवं. बाल्कनीच्या जमिनीवर ऊन येतं म्हणून आपण समजतो की कुंडीलाही मिळत असेल. पण सूर्य डोक्यावर आला की वरच्या स्लॅबची सावली आधी छताजवळच्या भागावर पडते. कठड्याजवळची फरशी उन्हात न्हात असते आणि छताला चिकटलेली कुंडी अंधारात. एखाद्या सुट्टीच्या दिवशी दर तासाला जाऊन कुंडीच्या जागेवर हात धरून पाहा, हातावर ऊन पडतंय का ते. माझ्या अनुभवात साखळी लांब करून कुंडी छातीच्या उंचीवर आणली की दीड-दोन तास ऊन सहज वाढतं. पाणी घालायलाही सोपं जातं, आणि जी कुंडी हाताशी असते तिलाच वेळेवर पाणी मिळतं. ऊन एकाच बाजूनं येत असेल तर दर तीन-चार दिवसांनी कुंडी पाव फेरा फिरवा.

जातीबद्दल आता. टोमॅटोच्या जाती ढोबळमानानं दोन. एक, ठरावीक उंचीवर थांबणाऱ्या झुडपी जाती. त्यांच्या शेंड्यालाच फुलांचा घोस येतो आणि वाढ संपते. दुसऱ्या, सतत वाढत राहणाऱ्या. त्यांचा शेंडा पुढेच जात राहतो आणि साधारण दर तीन पानांआड खोडावर एक घोस दिसतो. तुमचं रोप ४ फूट होऊनही थांबलं नाही, म्हणजे ते दुसऱ्या प्रकारातलं असणार. अशा वेलीचं खोड उभं वाढून काठीला बांधण्यासाठी असतं. काठावरून वळवलं की त्याच वळणावर पिचतं, कारण ते लवचीक नसतं.

टांगण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या जातींचं खोड बारीक, लवचीक असतं आणि फांद्या आपोआप काठावरून खाली ओघळतात. टम्बलिंग टॉम आणि टम्बलर ही त्यातली जुनी, भरवशाची नावं. टम्बलिंग टॉममध्ये लाल आणि पिवळा असे दोन्ही रंग मिळतात. आणखी बुटकी हवी असेल तर मायक्रो टॉम आहे, जेमतेम वीतभर उंचीची. फ्लोरिडातल्या संशोधकांनी १९८९ मध्ये ती शोभेच्या कुंडीसाठी म्हणून आणली. पुढे प्रयोगशाळांनीच तिला उचलून धरलं, कारण ती कमी जागेत भराभर फळते. नाव ओळखीचं नसेल तर पाकिटावर ‘ट्रेलिंग’, ‘बुश’ किंवा ‘डिटर्मिनेट’ यांपैकी काही लिहिलंय का ते पाहा. मोठ्या, पाव-पाव किलोच्या फळांची हौस टांगत्या कुंडीत करू नये. फळ जितकं लहान तितकं हे काम सोपं.

आणि एका कुंडीत एकच रोप. लावताना तीन रोपं फार गोजिरवाणी दिसतात, दीड महिन्यानं ती एकमेकांचं पाणी पळवतात. रोप लावताना खालची पानं काढून खोड वरच्या पानांपर्यंत खोल पुरा, टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात. बगलफुटी, म्हणजे पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटणारे कोंब, खुडण्याचा नियम वाढत राहणाऱ्या जातींसाठी आहे. झुडपी आणि ओघळणाऱ्या जातींच्या बगलफुटी काढल्यात तर तुम्ही फळंच काढून टाकताय असं समजा.

उलटं टांगण्याबद्दल विचारलंत, तर मी एक हंगाम तेही करून पाहिलं. तळाच्या भोकातून खाली सोडलेलं खोड आठवड्याभरात वर वळायला लागतं, कारण झाड प्रकाशाकडे आणि गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध जाणारच. खोडाचा इंग्रजी यू झाला, आणि फळं भरल्यावर दोन रोपं त्याच वाकणात मोडली. वरून घातलेलं पाणी गळून पानांवर पडतं आणि पानं ओली राहिली की करपा येतो. शिवाय कुंडीची सावली झाडावरच. फोटो सुंदर येतात, एवढं मान्य करतो.

पाण्याकडे वळू, कारण सगळं शेवटी इथेच येतं. ‘रोज एक मग’ हा हिशेब सोडून द्या. कुंडीच्या तळाला तळहात लावून ती किंचित उचला. भरपूर पाणी दिल्यावर ती कशी जड लागते ते दोन-तीन दिवस हाताला शिकवा. नंतर उचलताक्षणीच कळतं की आता द्यायला हवं. वरचा थर कोरडा दिसला तरी कुंडी जड असेल तर थांबा, आणि वर ओलसर दिसली पण हलकी लागली तर द्या. आपल्याला कायम वाफसा हवा आहे, चिखलही नको आणि फुफाटाही नको. दहा लिटरच्या कुंडीतलं फळांवर आलेलं झाड कडक उन्हाच्या दिवशी दीड-दोन लिटर पाणी सहज पितं. ते एकदम न देता सकाळी आणि संध्याकाळी विभागून द्यायचं. ढगाळ दिवसात एकदाही पुरतं. दर वेळी तळातून थोडं पाणी बाहेर येईपर्यंत द्या. खाली चिकटवलेली ताटली असेल तर काढून टाका, साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात.

इथे एक फसवणूक होते. कुंडी पूर्ण सुकली की मिश्रण आकसतं आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. मग तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जातं, तळातून धार लागते आणि तुम्हाला वाटतं पोट भरलं. आतला गोळा कोरडाच. असं झालं की कुंडी काढून बादलीभर पाण्यात काठापर्यंत बुडवा. बुडबुडे येत राहतील. ते थांबेपर्यंत, साधारण वीस-तीस मिनिटं, तशीच ठेवा आणि मग निथळून टांगा. बाहेर जाणार असाल तर यावर उपाय म्हणून वात, म्हणजे भांड्यातलं पाणी कुंडीत ओढून नेणारी सुती दोरी, लावता येते, पण खरं सांगायचं तर तीन दिवसांपेक्षा जास्त दिवस जायचं असेल तर कुंडी उतरवून सावलीत ठेवणं आणि कुणाला तरी पाण्याचं सांगणं हेच मी करतो. वर वाळलेल्या पानांचं बोटभर आच्छादन मात्र नेहमी असू द्या. फळं तडकण्यामागेही हेच पाणी असतं: दोन दिवस कोरडं ठेवून तिसऱ्या दिवशी भरपूर दिलं की आतला गर फुगतो आणि साल फाटते.

फुलगळीचं थोडं वेगळं आहे. पाण्याचा ताण हे एक कारण, पण दिवसा ३५ अंशांच्या वर किंवा रात्री २४ च्या वर तापमान राहिलं तर परागकण निकामी होतात आणि फूल देठाच्या गाठीपाशी पिवळं पडून गळतं. रात्री १२-१३ अंशांच्या खाली गेलं तरी तेच. तुमच्याकडे अशी वेळ असेल तर झाड जगवा आणि हवा बदलण्याची वाट पाहा, औषधानं फरक पडत नाही. तिसरं कारण बंद बाल्कनी. टोमॅटोच्या फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग पुंकेसरांच्या नळीत आतल्या बाजूला सुटतो. तो खाली पडायला फूल हलावं लागतं. उघड्यावरची टांगती कुंडी वाऱ्यानं स्वतःच हलते, हा तिचा मोठा फायदा. काचा लावलेल्या बाल्कनीत तुम्ही हलवायचं: सकाळी ऊन वर आल्यावर घोसाच्या देठाला मागून टिचकी मारा. फूल तयार असेल तर खाली धरलेल्या अंगठ्याच्या नखावर पिवळी भुकटी पडलेली दिसते. विजेवर चालणारा टूथब्रश देठाला टेकवला तरी चालतो.

खताचं थोडक्यात सांगतो. रोज निथळणाऱ्या पाण्याबरोबर खत वाहून जातं, म्हणून एकदम भरपूर देण्यापेक्षा आठवड्याला एकदा, पाकिटावर सांगितलेल्याच्या निम्म्या प्रमाणात पातळ करून द्या. लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करा आणि फुलं दिसली की नत्र कमी, पोटॅश जास्त असलेलं खत घ्या. कोरड्या कुंडीत खत घालू नका, मुळं भाजतात. काठावर पांढरा थर दिसला तर तो साचलेल्या क्षारांचा आहे. महिन्यातून एकदा नुसतं साधं पाणी भरपूर घालून कुंडी धुऊन काढा.

किडींपैकी टांगत्या कुंडीला जास्त छळतो तो लाल कोळी, कारण त्याला कोरडी, गरम हवा आवडते. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले तर कोळी आलाय. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा फवारा आणि नंतर संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, एवढ्यावर सहसा भागतं. शेंड्याची पानं वाटीसारखी वर वळून झाड खुजं राहिलं तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू असू शकतो. त्याला उपाय नाही, झाड पिशवीत बांधून टाकून द्यावं लागतं.

आता तुमच्या हाताशी असलेल्या रोपाचं. काळ्या बुडाची चारही फळं काढून टाका, ती सुधारणार नाहीत आणि झाडाचं पाणी खातात. पंधरा लिटरची बादली घ्या, तळाला पाच-सहा भोकं पाडा. रोप तिच्यात हलवताना खोडाचा दुमडलेला भाग मातीत आडवा पुरा, पूर्ण तुटलेला नसेल तर तिथूनच नवी मुळं फुटतील. शेजारी काठी रोवून बांधा, बगलफुटी काढा, चार दिवस अर्ध्या सावलीत ठेवून मग उन्हात आणा. उरलेली दोन फळं चांगली असतील तर हलकासा रंग आल्यावर तोडा, घरात पिकतील. फक्त फ्रीजमध्ये नका ठेवू, थंडीनं चव जाते.

रिकामी झालेली ८ इंचांची कुंडी फेकू नका. मायक्रो टॉमचं बी मिळालं तर तेवढी जागा तिला पुरते. पाणी मात्र उन्हाच्या दिवसांत तिलाही दोनदा.